कोंडाबाईनं कधी न घेतलेलं नाव

१५ एप्रिल, मंगळवार

पोचले एकदाची. एप्रिलात मराठवाड्यात माणसं एकतर लग्नाला जातात नाहीतर डोकं फिरलं म्हणून, असं आईनं नाशिकहून निघताना ऐकवलं होतं. मी नोकरीला आले आहे, म्हणजे माझा तिसराच वर्ग. येरमाळ्याच्या फाट्यावर उतरले तेव्हा येडेश्वरीची यात्रा नुकतीच उरकली होती. चुरमुऱ्यांची उरलेली पोती टेम्पोत चढत होती आणि पाळणेवाले पाळणे सोडवत होते. गाडी पाठवतो म्हणालेले अमरसिंह दादा स्वतःच गाडी घेऊन आले. पांढरा शर्ट, भरघोस मिशी, आणि बोलणं इतकं हळू की मलाच पुढं वाकावं लागलं. या भागातली निम्मी रानं त्यांच्या घराण्याची. तरी माझी बॅग त्यांनी स्वतः उचलली. मला माणूस आवडला.

घर डोंगराच्या माथ्यावर आहे. सगळं काचेचं आणि सिमेंटचं, आणि चारी बाजूंनी पवनचक्क्या. त्यांच्या बायकोनं, सोनाली ताईंनी, ते चित्रांसाठी बांधून घेतलं. त्यांची मुंबईत मोठी आर्ट गॅलरी आहे. त्यांनी माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे बघितले आणि म्हणाल्या, हात चांगला आहे तुझा, करिश्मा. एकोणतीस वर्षांत इतक्या प्रेमानं माझे हात कुणी पाहिले नव्हते. नवरी बघायला आल्यासारखं वाटलं.

काम माझ्या आवडीचं आहे. कोंडाबाईंची बासष्ट चित्रं स्वच्छ करायची, पोपडे धरलेल्या जागी रंग बसवायचा, आणि प्रत्येकाची नोंद लिहायची. मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत मोठा लिलाव आहे, त्यासाठी पुस्तक निघणार आहे. कोंडाबाई म्हणजे इथलीच मेंढपाळ बाई. साठी जवळ आल्यावर घराच्या भिंतीवर चुन्यानं आणि काजळीनं मेंढरं काढायला लागली, ताईंच्या नजरेला पडली, आणि आता तिची मेंढरं दिल्ली-लंडनच्या दिवाणखान्यांत चरतात. ती इथंच राहते. तिनं मौन धरलंय, शंभर चित्रं पुरी होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही असं देवाला कबूल केलंय. मी मात्र तोवर हिंदी सिनेमातल्यासारखं काचेआडून बघणार.

१७ एप्रिल, गुरुवार

आज कोंडाबाई दिसली. पाठमोरी. घराच्या टोकाला तिची खोली, उत्तरेकडं तोंड करून, कारण चित्राला उत्तरेचा प्रकाश लागतो. तिकडं जायची मला मनाई आहे, पण अंगणातून काच दिसते. दुपारी बारा वाजता ती चित्रासमोर येऊन बसली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. हात हलत होता. मी शाळेतल्या पोरीसारखी टक लावून बघत राहिले.

त्याच वेळी फाटकाशी मेंढरांच्या घंटा वाजल्या. कोंडाबाईचा नवरा, बिरदेव. सत्तरीचा, काटकुळा, खांद्यावर घोंगडं. पूर्वी शंभरावर मेंढरं होती, आता वीसेक राखतो. तो रोज बारा वाजता येतो, फडक्यात बांधलेली भाकरी फाटकाच्या गजांतून आत देतो, आणि काचेतल्या त्या पाठीकडं बघत उभा राहतो. मी भाकरी घ्यायला पुढं झाले तर मलाच विचारलं की ती जेवते का नीट. म्हणाला, "तिला दुसऱ्याच्या हातची भाकर ग्वाड लागत न्हाय. म्हणून म्याच थापतो." म्हाताऱ्याला डोळ्यांनी धड दिसत नाही, मोतीबिंदू पिकलाय. कान मात्र तिखट. कळपाकडं पाठ करून कुठलं कोकरू ओरडलं ते सांगतो.

दोन वर्षं तो असा येतोय. मला गहिवरून आलं. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पुस्तकात घेऊ हे, लोकांना आवडेल.

२० एप्रिल, रविवार

आज दुपारच्या जेवणाला मुंबईचे पाहुणे होते. दोन गॅलरीवाले, एक वकीलबाई, आणि एक गृहस्थ जे चित्र बघण्याआधी त्याची पाठ बघतात. बागेत सिमेंटच्या ओट्यावर एक लोखंडी शिल्प आहे. सगळ्यांनी त्या ओट्यावरच पेले ठेवले, त्याला टेकून फोटो काढले. स्वयंपाकीण धुरपदाबाई तेवढ्या ओट्यावरचे पेले उचलायला गेली नाही. ते मी उचलले. बाईमाणूस दमलं असेल असं वाटलं.

पाहुण्यांना कोंडाबाईही काचेतून दाखवली. लांबूनच. प्राणिसंग्रहालयात दाखवावी तशी, मला ते आवडलं नाही.

संध्याकाळी ताईंनी वेगळंच काम दिलं. प्रत्येक चित्राच्या पाठीवर कोंडाबाईनं स्वतः त्या चित्राचं नाव लिहिलेलं असतं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली अक्षरं, मोठी, एकमेकांना चिकटलेली. पुस्तकाच्या मुखपृष्ठाला तशीच अक्षरं हवीत, तुला जमतील का, म्हणाल्या. तिसऱ्या वेळी हुबेहूब आली. ताई बराच वेळ कागद बघत होत्या. शाबासकी मिळाली की मी लगेच फुगते, तशी फुगले.

२२ एप्रिल, मंगळवार

आज धुरपदाबाईनं खूप हसवलं. ती उत्तरेच्या खोलीला कायम "पल्याडली खोली" म्हणते. मी विचारलं की सूर्य उगवतो ती पूर्व, तर तिच्या डाव्या हाताला कुठली दिशा? म्हणाली, "वरली." मग म्हटलं, परीक्षेत प्रश्नाचं काय लिहितात? "जवाब." मी हट्टालाच पेटले, पण तो शब्द काही तिच्या तोंडून निघेना. शेवटी पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "आवं, आमच्या मालकाचं नाव हाय त्यात." नवऱ्याचं नाव उत्तरेश्वर. वारून नऊ वर्षं झाली. चाळीस वर्षांत तिनं ना दिशेचं नाव घेतलं ना उत्तर दिलं.

आमच्या घरी आई बाबांना "अरे सुहास" अशी हाक मारते, त्यामुळं मला हे फार मजेचं वाटलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, म्हणाली. नाव घेतलं तर धन्याचं आयुष्य तुटतं. मग आपसूक पुढं बोलली की कोंडाबाईचं तर ह्याहून अवघड. तिच्या नवऱ्याचं नाव बिरदेव आणि धनगरांचा देवही बिरदेवच. "लई कडक बाई. देवाचं नाव सुदिक घेत न्हवती. मेंढराचा देव म्हनायची."

आमच्या गप्पा तिथंच थांबल्या. भाजी करपली म्हणून ती उठली. पण भाजी करपली नव्हती.

मी जाऊन चित्रांच्या पाठी बघितल्या. एकावन्न चित्रांवर तसंच आहे. मेंढराच्या देवाची जत्रा. मेंढराच्या देवाचा भंडारा. उरलेल्या अकरांवर, सगळी गेल्या दोन वर्षांतली, स्वच्छ लिहिलंय: बिरदेवाची जत्रा. बिरदेवाची पालखी. एकावर तर, माझा नवरा बिरदेव.

२४ एप्रिल, गुरुवार

हुशारी केली. जेवताना ताईंना सांगितलं. मला वाटलं, अलीकडं तिच्यासाठी दुसरंच कुणीतरी नावं लिहितंय, त्यात लपवण्यासारखं काय. पण ते पाठ बघणारे गृहस्थ लिलावात विचारतील. म्हणून म्हटलं, बाकी जगाला कळणार नाही, पण इथली कुठलीही बाई एका नजरेत ओळखेल की हे कोंडाबाईनं लिहिलेलं नाही. अभिमानानं सांगितलं. घरचा पहारेकरी असल्यासारखं.

दादांनी घास खाली ठेवला. ताई हसल्या. मग खुर्ची जवळ ओढून विचारायला लागल्या की तिनं आणखी काय केलं नसतं? मी आणखी बोलले. की जुन्या चित्रांत प्रत्येक मेंढराच्या डाव्या कानाला खाच आहे, म्हणजे तिच्या कळपाची खूण, आणि नव्या चित्रांत कधी डाव्या, कधी उजव्या. की गाभण मेंढी ती कळपाच्या मधोमध काढते, कडेला कधीच नाही. ताई वहीत लिहून घेत होत्या.

मी उठून हात धुतले तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला. नावं दुसरं कुणी लिहील. मेंढरांचे कान दुसरं कुणी का काढेल?

२६ एप्रिल, शनिवार

अकरा चित्रं मांडणीवर नव्हती. दुपारी परत आली. पाठीवर नवी अक्षरं. मेंढराच्या देवाची जत्रा. मेंढराच्या देवाची पालखी. सगळ्या खाचा डाव्या कानाला. बोट लावलं तर रंग ओला.

अक्षरं कोंडाबाईसारखीच आहेत. नाही. ती माझ्या कागदासारखी आहेत, त्या तिसऱ्या कागदासारखी. माझा "म" खाली जरा वळतो. तिथंही वळलाय.

ताईंच्या नखाखाली तांबडा रंग होता. ताईंनी तरुणपणी चित्रकलेचं शिक्षण घेतलंय, दोन प्रदर्शनं केली, एकही चित्र विकलं गेलं नाही. हे त्यांनीच पहिल्या दिवशी हसत सांगितलं होतं.

मला भीती वाटते आहे. लिहून ठेवलं की कमी होईल असं वाटलं होतं.

२८ एप्रिल, सोमवार

बारा वाजले. घंटा वाजल्या. काचेत हिरवं लुगडं येऊन बसलं. आज मी अंगणात न थांबता आतल्या बाजूनं त्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दार पुरतं लागलं नव्हतं.

चित्रासमोर बाई बसली होती. कुंचला कोरडा. ती तो नुसता हवेत हलवत होती. मग फडकं सोडून भाकरी खायला लागली. बोटं हळदीनं पिवळी. कांदा चिरताना कापलेल्या अंगठ्याला पट्टी, ती सकाळी मीच लावून दिली होती.

धुरपदाबाई. दोन वर्षं ती म्हाताऱ्याची भाकरी खाते आहे आणि तो तिच्या पाठीकडं बघून घरी जातो.

२९ एप्रिल, मंगळवार

धुरपदाबाईनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. धुणं वाळत घालताना, माझ्याकडं न बघता.

दोन वर्षांपूर्वी असंच ऊन होतं. कोंडाबाई म्हणाली, आता बास, हात दुखतात, म्या माझ्या मेंढरांकडं जाते. ताईंनी परदेशात चाळीस चित्रं कबूल केली होती. खोलीत आवाज वाढले. दादा आत गेले. तेवढ्यात तेरखेड्याच्या फटाका कारखान्यांकडनं दारूकामाचे बार ऐकू येत होते, रोज दुपारी येतात तसे. एक बार जवळचा वाटला. मग ताईंनी धुरपदाबाईला हाक मारून फरशी धुवायला सांगितली.

"रंग हाय म्हनल्या. म्या धुतली. रंगाला तसला वास नसतो, पोरी."

मी विचारलं, कुठं आहे ती. धुरपदाबाईनं हनुवटीनं बागेकडं दाखवलं. लोखंडी शिल्पाकडं. ओट्याकडं.

माझ्या हातून बादली पडली. वरच्या मजल्याची काच सरकलेली होती. ताई तिथं उभ्या होत्या की नाही, मला सांगता येत नाही.

१ मे, गुरुवार

धुरपदाबाई नाही. तामलवाडीला लेकीकडं गेली, म्हणतात. कालच गेली म्हणे. तिच्या चपला मागच्या दाराशी आहेत. तिला लेक नाही. तिनंच सांगितलं होतं, एकच मुलगा, तोही गेला.

भाकरी फाटकाशीच पडून होती. काचेत कुणी नव्हतं. बिरदेव संध्याकाळपर्यंत उभा राहिला.

३ मे, शनिवार

आई आजारी आहे, जावं लागेल, असं म्हटलं. दादा हळूच म्हणाले की आईशी त्यांचं बोलणं झालंय, ती ठणठणीत आहे. माझा फोन दुरुस्तीला दिलाय. मी दिला नव्हता.

फाटकाला कुलूप. माझी खोली आता उत्तरेची खोली. बाहेरून कडी.

ताईंचा हात कापायला लागलाय. दाखवला त्यांनी, पुढं धरून. म्हणूनच पहिल्या दिवशी माझे हात—

हिरवं लुगडं खुर्चीवर घडी घालून ठेवलंय.

४ मे, रविवार

बसले. पदर घेतला. दादा दारात, बंदूक भिंतीला टेकवलेली. त्यांच्याकडं परवाना आहे, हेही त्यांनी मऊ आवाजात सांगितलं.

घंटा. मी वळले नाही. मागून हुंदका आला. म्हातारा रडत होता, तीन दिवसांनी बायको दिसली म्हणून.

भाकरी खायला लावली. गिळवेना. तरी खाल्ली. मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती.

५ मे, सोमवार

दाराआड बोलणं ऐकलं. लिलावाच्या कागदावर घरच्या माणसाची संमती लागते. बिरदेवाचा अंगठा. तो म्हणतो, ती स्वतः व्हय म्हणली तर देतो. म्हणून उद्या फाटक उघडणार. मी पाठमोरी बसून हात वर करायचा. तेवढं झालं की तो आत येणार.

ताईंनी विचारलं, आणि नंतर?

दादा म्हणाले, अंगठा झाला की म्हाताऱ्याचं काम संपलं. बागेत जागा आहे.

ही वही मला ठेवू दिली आहे. चित्रासाठी कच्ची रेखाटनं करते असं सांगितलंय. बघतात तेव्हा पान उलटून मेंढरं काढते.

६ मे, मंगळवार

साडेअकरा. लुगडं नेसवलं. ताईंनी पदर सारखा केला, मायेनं, हे सगळ्यात वाईट. वही चित्रासमोरच्या फळीवर आहे. दादांना माझा हात हलताना दिसतो. चित्र काढते असं वाटत असणार.

रंगाचा वास जावा म्हणून काच हातभर सरकवलेली आहे. आवाज बाहेर जाईल.

रात्रभर विचार केला. "पळा" म्हटलं तर तो पळणार नाही. किंचाळले तर आवाज कुणाचा हे बघत बसणार नाही. बायको संकटात आहे एवढंच त्याला कळेल आणि तो आत धावेल. हात वर केला नाही तर जवळ येऊन विचारील. काहीही केलं तरी तो आतच येतो. तिच्यासाठी येतो.

एकच गोष्ट आहे जी ऐकली तर तो जागच्या जागी थांबेल. जी तिनं कधी केली नाही. उभ्या संसारात नाही, देवळात नाही.

ताईंना ती मीच शिकवली आहे. म्हणजे त्यांनाही त्याच क्षणी कळेल. दादा माझ्यापासून चार पावलांवर.

आई, मी

घंटा.

कुलूप काढलं. ताई त्याला या या म्हणताहेत. नवीन पटका बांधलाय, तिरप्या नजरेनं काचेच्या कडेत दिसतो. मेंढरं मागं थांबवली. एकटाच फाटकाच्या आत—दोन पावलं—

विचारतोय. "आगं, ऐकलंस का. अंगठा दिऊ का?" तोही तिचं नाव घेत नाही.

ताई म्हणताहेत हात.

तो अजून फाटकाजवळ आहे. पळता येईल त्याला. ही ती नव्हे हे कळलं तर पळता येईल, रस्त्यावर बस थांबते, माणसं असतात—

हात फळीवरच ठेवते. त्याचं नाव घेते. मोठ्यानं, पुरतं, त्याला नीट ऐकू जाईल असं—